बुवा परीक्षेला बसतात!

मंडळी, ऐका! आज निरूपणाला एकच प्रश्न घेतलाय. माणसाच्या तोंडाला सगळ्यात जड शब्द कोणता? कुणी म्हणेल 'क्षमा'. कुणी म्हणेल 'उधार नाही'! — हसू नका वाणीशेठ, तुमच्याकडं बघून नाही म्हटलं. उत्तर मी देणार नाही. आख्यान देईल. आणि आख्यानाचा नायक कोण? राजा नाही, ऋषी नाही. नायक हा तुमच्यासमोर उभा आहे — उपरणं घातलेला, पोट सुटलेला!

तुम्हांला माहीत आहे, रात्री मी बुवा आणि दिवसा इंजिनियर. विट्याला माझं छोटं ऑफिस. घराची, जागेची किंमत ठरवायची, बँकेला अहवाल द्यायचा, मग बँक कर्ज देणार. त्यावर आमची चूल पेटते. कीर्तनावर? कीर्तनावर नारळ मिळतात!

एक दिवस बँकेचे साहेब म्हणाले, "बुवा, आता मूल्यांककाचा परवाना लागतो. परीक्षा द्या. दसऱ्यापर्यंत परवाना आला नाही, तर आमच्या यादीतून तुमचं नाव काढावं लागेल."

नाव काढावं लागेल! ह्या वयात दुसरं काम कोण देणार हो? पण मी काय म्हणालो? "साहेब, परीक्षा? अहो, हातचा मळ!"

अभ्यास सुरू! कायदे, भाडेपट्टे, घसारा — म्हणजे वस्तू जुनी होत जाते तशी तिची किंमत उतरते तो. डोक्यात दुसरं काही राहीना. सीतास्वयंवर रंगलं होतं, लोक भान विसरलेले, आणि मी भर रंगात म्हणालो, "शिवधनुष्य फार जुनं, मंडळी! घसारा वजा जाता त्यात उरलं काय होतं?" — पेटीवाल्यानं पेटीच बंद केली! आता सांगा, मोडक्या धनुष्याला रामाचा पराक्रम कशाला लागतो? आजीबाई उठून घरी गेल्या!

परीक्षेचा दिवस. कॉम्प्युटरसमोर बसवलं. प्रश्न इंग्रजीत, खाली चार उत्तरं, त्यातलं एक निवडायचं. चुकलं तर गुण कापणार, सोडून दिलं तर काही कापणार नाही. नीट ऐकलंत? सोडून दिलं तर काही कापणार नाही!

पण बुवा सोडतील? कीर्तनकारानं कधी प्रश्न सोडलाय? विम्याच्या कायद्याचं एक कलम विचारलं. मी ते कलम जन्मात पाहिलं नव्हतं. म्हटलं, सी! सी म्हणजे सीतामाई! पुढचा — डी! डी म्हणजे डमरूवाला महादेव! एकही जागा कोरी ठेवली नाही. देवांची नावं घेऊन गुण घालवणारा भक्त तिन्ही लोकांत मी एकटाच!

निकाल तिथंच पडद्यावर. नापास! जे येत होतं त्यानं मिळवलं, आणि जे येत नव्हतं त्यानं ते खाल्लं.

घरी आलो तो तणतणत. "अगं कुमुद, पेपरच चुकीचा काढलाय!"

आमची कुमुद गवार मोडत होती. मान वर न करता म्हणाली, "किती प्रश्न सोडलेत?"

"सोडले? मी? एकही नाही!"

"वाटलंच मला. अहो, परवा तो परगावचा माणूस नव्या वसाहतीतलं भैरोबाचं देऊळ विचारत आला. तुम्हांला ठाऊक होतं?"

"नव्हतं... पण अंदाजानं सांगितलं की."

"तो पाण्याच्या टाकीला प्रदक्षिणा घालून परत आला! मला म्हणाला, वहिनी, देवळाला दारच नाही! — अहो, माहीत नाही म्हणायला तुमचं काय जातं?"

मंडळी, उचलली जीभ, लावली टाळ्याला — ही म्हण माझ्यावरूनच निघाली असावी! फार लागलं मला ते. कारण खरं होतं.

पुन्हा फी भरली, पुन्हा बसलो. दसरा तोंडावर आलेला. ह्या वेळी गेलं की गेलंच. पहिलाच प्रश्न — न वाचलेला! हात निघाला माउसकडं, सीतामाई हाका मारतेय! मी काय केलं? उजवा हात मांडीखाली दाबून धरला! पर्यवेक्षक मॅडम धावत आल्या. "सर, बरं वाटत नाही का?" म्हटलं, "बरा आहे हो. हाताला आवरतोय!"

येत होतं ते सोडवलं. नव्हतं ते सोडलं. सोडताना वाटायचं, भर सभेत उपरणं सुटतंय! पण सोडलं. शेवटी पडद्यावर अक्षरं आली — पास! काठावर, पण पास! मी तिथंच रडलो, मंडळी. मॅडमना वाटलं, हा पुन्हा आजारी पडला!

परवाना आला, बँकेत नाव राहिलं. इथं आख्यान संपलं असतं. पण त्याच आठवड्यात शेजारचे वामनराव आले. त्यांची बायको नुकतीच गेलेली. ओसरीवर बसले आणि म्हणाले, "बुवा, तुम्ही पुराणं वाचता. ती आत्ता कुठं असेल हो?"

सगळं जिभेवर तयार होतं! स्वर्ग, वैकुंठ, सात लोक, दृष्टान्तांसकट! तोंड उघडलं... आणि मिटलं. म्हटलं, "वामनराव, मला माहीत नाही."

ते जवळ सरकले. मग माझा हात धरला. "तेराव्याला आलेल्या प्रत्येकानं मला सांगितलं, ती कुठं आहे ते. सांगितलं आणि चपला घालून निघून गेले. बुवा, तुम्ही थोडा वेळ बसाल?"

बसलो. अवाक्षर न बोलता बसलो. इतकी वर्षं कीर्तनं केली, मंडळी, पण त्या दिवशी मी पहिल्यांदा कुणाच्या उपयोगी पडलो.

आता तुमच्याकडं येतो. हसलात ना मला पोटभर? मग सांगा — तुमच्या ओळखीतलं कोण असं लोकांच्या उत्तरांच्या ओझ्याखाली एकटं बसलंय? उद्या त्याच्याकडं जा. ज्ञान घरी ठेवून जा. तो विचारील, म्हणा, "नाही रे बाबा, मला माहीत नाही." आणि चपला घालायची घाई करू नका.

टाळ उचला. नाम घेऊ या, मंडळी — तेवढं मात्र न चुकता येतं आपल्याला!