गोधडीतला घेवडा

माझ्या गोधडीला हसायचं काम नाही हं, तिनं एका सुभेदाराला पळवलंय!

आम्ही सांगलीत नवा फ्लॅट घेतला, तेव्हा गॅसचा नंबर लावला की वाट बघत बसायचं, म्हणून गॅस पुरवून वापरायचा. माझी आई कोरेगावला शेतावर जाताना घेवड्याला चांगली उकळी आणायची आणि पातेलं भुशात पुरून जायची. परत येईपर्यंत घेवडा मऊ. फ्लॅटमध्ये भुसा कुठला? मी पातेलं गोधडीत गुंडाळून पलंगावर ठेवायला लागले. आमचे हे म्हणायचे, "अगं, कुणी बघितलं तर लोक काय म्हणतील?"

एकदा यांचे मामा आले, फौजेतले निवृत्त सुभेदार. मी चहा टाकत होते, तेवढ्यात खोलीतून मामांचा आवाज, "सूनबाई, पोरगं लय तापलंय की गं! दवाखान्यात न्यायचं न्हाई व्हय?"

मी धावत बाहेर येते, तर मामा गाठोडं छातीशी धरून जिन्यात! "सरका, सरका!" म्हणून ओरडतायत, शेजारची दारं उघडतायत.

"मामा, पोरगं शाळेत आहे! तो घेवडा आहे!"

मामा जागीच थांबले. गोधडी सोडली, झाकण काढलं, एक दाणा चिमटीत दाबला. "आयला, गॅसबिगर शिजला!"

मग भाकरी कुस्करून पोटभर जेवले आणि यांना म्हणाले, "गड्या, पोरगी हुशार हाय. तू गप जेव."

आणि लोक काय म्हणाले सांगू? दुसऱ्याच दिवशी शेजारीण दारात, "वहिनी, एखादी जुनी गोधडी आहे का हो?"