गोलरक्षकाचं दही

…नाही, पण तुम्हीच सांगा, माझा हॉकीशी काय संबंध? ती पण बर्फावरची! मी आपला जर्मनीतला सॉफ्टवेअरवाला, सकाळी वाल्डॉर्फच्या ऑफिसची बस, संध्याकाळी परत… आणि वरच्या मजल्यावर राहतो कोण, तर आंतोन रीडेल! वीस वर्षं गोलात उभा, बेकरीत भिंतीवर फोटो. मॅचच्या दिवशी हा बायकोशीसुद्धा बोलत नाही, जिन्यात कुणी ‘हालो’ म्हटलं तर घरी परत जाऊन बूट काढून पुन्हा निघतो, आम्ही सगळे चोरपावलांनी उतरायचो!

आणि आमच्या सासूबाई, नाशिकहून तीन महिन्यांसाठी आलेल्या… त्यांनी त्याला बॅग घेऊन उतरताना पाहिला. ‘अरे थांब रे! कामाला निघालेलं माणूस असं कोरडं जातं का?’ आणि ठेवलं की दही-साखर तळहातावर! म्हटलं, आता घर सोडावं लागणार. तर त्यानं चाटलं! आदल्या मॅचला सात गोल खाल्लेले, त्या संध्याकाळी एक नाही.

झालं! दर मॅचला हात पुढे. सासूबाईंचा व्हिसा संपला, त्या गेल्या, दही माझ्या गळ्यात. हीटरवर पातेलं, त्याला टॉवेल… बायको, सुनेत्रा, म्हणते, ‘अहो, माझ्यासाठी कधी नाही लावलंत.’ आता माझा हॉकीशी काय संबंध?

मग मार्चातली शेवटची मॅच. वय एकोणचाळीस, गुडघा दुखरा. जिंकला तर क्लब आणखी एक वर्ष ठेवणार, नाहीतर घरी. आणि नेमका शनिवारी हाउसमाइस्टरनं, म्हणजे बिल्डिंगची देखभाल बघणाऱ्यानं, दुरुस्तीसाठी हीटर बंद ठेवला! मॅचच्या सकाळी बघतो तर पातेल्यात नुसतं दूध. रविवारी जर्मनीत दुकान उघडं असतं का? मी दिलं व्हॅनिला पुडिंग, वर साखर. त्यानं चाटलं, माझ्याकडे बघितलं, गेला. पाच गोल! आठवडाभर मला घास गोड लागेना. शेवटी गेलो, कबूल केलं. तर शांतपणे म्हणाला, ‘गुडघा जानेवारीतच संपला होता. पुढचे दोन महिने तुझ्या सासूच्या दह्यावर उभा होतो.’ म्हटलं, चला, दोघंही सुटलो.

कसले सुटतोय! सोमवारी सकाळी दारात, कोट घालून, हात पुढे. कुठे? तर आर्बाइट्सआम्टमध्ये, नोकरीसाठी नाव नोंदवायला. वीस वर्षं अंगावर येणारी हॉकीची चकती अडवली आणि टेबलामागच्या बाईला घाबरतो! मंगळवारी बँक, बुधवारी दाताचा डॉक्टर… पूर्वी आठवड्याला दोनच मॅच असायच्या हो. आल्झो, म्हणजे थोडक्यात काय, त्याचा हॉकीशी संबंध संपला, आणि मी रोज विरजण लावतोय.