घुंगुरकाठीची शेवटची अकरा पानं

…आन् वर मलाच म्हनत्यात, हवालदार, तुमी माजला! मी? आवं, सोळा वर्सं पलटणीत काढली, सायेब बस म्हनला तर बसलो, ऊठ म्हनला तर उठलो, माज कशाशी खात्यात तेच मला ठावं न्हाई! तुमाला सांगतो, यष्टी काय येवड्यात येत न्हाई, ह्या पलूसच्या स्टँडावर बसलाच हाय तर ऐका आन् तुमीच न्याव करा. मी आपला नुस्ता वाचनारा मानूस!

झालं काय, चौऱ्याहत्तर साली पेन्शनीत निघालो आन् गावी आलो. आमचं सरपंच नानासो, नाकातनं बोलत्यात, म्हनलं, "हंवालदार, पंचायतीचं वाचनालंय तेवढं बगा." वाचनालय म्हंजे काय, चावडीशेजारची एक खोली, एक खुर्ची, एक कपाट, आन् कपाटात सगळी पुस्तकं खताची! युरिया कवा टाकायचा, मावा कसा मारायचा… कोन वाचतंय? मानसं यायची ती सावलीला तंबाकू मळाया. मी "शांतता पाळा" म्हनलं की त्यातला कोंडीबा म्हनायचा, "तुमीच पाळा की गड्या, आमाला बोलायचं हाय." ही माजी किंमत! बायकू, अंजना, तीबी म्हनायची, "आवं, थितं बसन्यापरास म्हशीला तरी पानी दावा."

आन् एक दिस युरियाच्या मागं एक जाडजूड बाड घावलं. कव्हर न्हाई, नाव न्हाई, लिवनाऱ्याचा पत्त्या न्हाई. उघडलं आन् उभ्याउभ्या साठ पानं वाचली की हो! त्यात एक नावाडी असतोय, केतुमाल. त्यो आन् त्येची आई, दोघंच. त्येला नदीत घुंगुरकाठी घावती. जादूची! भुईवर हापटली आन् हुकूम सोडला की समोरच्यानं ऐकलंच पायजे, मग राजा असो न्हाईतर वाघ. खोट एकच… ज्येला एकदा हुकूम केला, त्यो मानूस तुमाला परत कवा "न्हाई" म्हनूच शकत न्हाई. जल्मात न्हाई! म्हनून एक साधू सांगतोय, बाळा, ही काठी भोवऱ्याच्या डोहात टाकून ये. निघतंय बिचारं टाकाया, पर वाटंत भेटंल त्येला ती काठी पायजे… शेवटाला त्या साधूलाबी!

मी आपलं रोज दिस कलला की मोठ्यांदा वाचाय लागलो. दुसऱ्या आठवड्याला खोली भरली, तिसऱ्याला पायऱ्या भरल्या. पयल्या पायरीवर अंबूबाई, सत्तरीची म्हातारी, तोंडात दात न्हाई पर कान आसं तिखट! मदीच वरडायची, "टाकू नगं रं लेकरा, आदी त्या राजाला उटाबशा काडाय लाव!" कोंडीबा म्हनायचा, "माज्याकडं काठी असती तर पाटाचं पानी सगळं माज्याच रानात!" नानासो म्हनायचे, "आंपन वापरली असती ती फक्त जंनतेसाठी." त्यावर सगळी खोली हसली, नानासो सोडून. मी हसलो न्हाई. मी आपला नुस्ता वाचनारा मानूस!

आता खरी गंमत हितं हाय. एका दिशी केतुमालच्या मानंवर तलवार उचलली, आन् नेमका मला ठसका लागला. बाड मिटलं. खोलीत आसं चिडीचूप! कोंडीबा, त्योच त्यो तंबाकूवाला, पळत गेला आन् गुऱ्हाळावरनं तांब्याभर रस घिऊन आला. "प्या हवालदार, पर त्येची मान तेवडी वाचवा." आन् तुमाला सांगतो… त्यो रस काय ग्वाड लागला! आवं, सोळा वर्सांत आसं कुनी माज्या तोंडाकडं बगत बसलं न्हवतं.

मग मला बी रोज तलवारीपाशीच ठसका लागाय लागला. मी काय मुद्दाम करीत न्हवतो… पयले तीन दिस. मग कोंडीबानं माजा ऊस भिजवला. नानासो, सरपंच, खाली सतरंजीवर, आन् मी खुर्चीवर! "नानासो, जरा सरका," म्हनलं की सरकायचे. खोकला त्यो भाईर, जांभई दिली त्यो भाईर. शिस्त नगो का?

पर बाड काय दुभती म्हस हाय? सरत आलं. शेवटची अकरा पानं उरली. त्यात काय असनार? केतुमाल काठी टाकनार, गोष्ट संपनार, मानसं घरला जानार, आन् हवालदार परत युरियापाशी! मी ती अकरा पानं न वाचता उसवली, ट्रंकंत गनवेशाखाली घातली, आन् दुसऱ्या दिवसापासनं माज्या मनचंच रेटून दिलं. नवा राजा, नवी राणी, उडता हत्ती… दोन म्हैनं चालवलं! आन् कुनी इचारलं न्हाई. इचारलं ते एकीनंच.

"हवालदारा," अंबूबाई म्हनली, "ह्यो परधान मंगळवारी वाघानं खाल्ला न्हवं? मग आज दरबारात बसून इडा कसा खातोय?"

कुनीतरी फिसकन हसलं. आन् माजं डोस्कंच फिरलं. मी खुर्चीवरनं उठलो, पलटणीच्या आवाजात म्हनलं, "म्हातारे, उंद्यापासनं हितं पाय ठिवायचा न्हाई!" मग सगळ्यांकडं वळून इचारलं, "बरोबर हाय का न्हाई?" आन् सगळी खोली एका सुरात म्हनली, "व्हय हवालदार." नानासोबी. कोंडीबाबी. म्हातारी पदर सावरून उटली, पायरीला हात लावला, आन् गेली. मी फुडं वाचाय लागलो. मी आपला…

जाऊ द्या.

आठ दिसांनी कळलं, अंबूबाईनं हातरून धरलं. जेवत न्हाई, बोलत न्हाई. डाक्टर म्हनला ताप न्हाई, रोग न्हाई, वय झालंय. सून सांगत होती, एकच इचारत्यात, "त्या लेकरानं काठी टाकली का गं?" मला घास जाईना. सकाळी बगतो तर अंजना ट्रंकंपाशी बसल्याली, मांडीवर ती अकरा पानं. तिला वाचाय येत न्हाई. म्हनली, "ही कसली कागदं हो, गनवेशाखाली दडवायजोगी?"

म्हनलं, "काय न्हाई, आसंच."

"आसंच आसतील तर म्हातारीला वाचून दावा की."

पानं उचलली, बंडी चढवली आन् गेलो.

अंबूबाई भितीकडं तोंड करून पडल्याली. उशाशी बसलो, म्हनलं, "मावशी, चुकलो. दोन म्हैनं सांगितलं ते सगळं खोटं हुतं. खरं ह्ये हाय." तिनं मान वळवली न्हाई. मी वाचाय लागलो. आन् तुमाला सांगतो, मीबी पयल्यांदाच वाचत हुतो. केतुमाल डोहाच्या काठावर येतोय, काठी टाकायची म्हनतोय, पर हात काय सुटंना. त्येची आई संगट असती. वाटंत ती उपाशी ऱ्हायली हुती, म्हनून ह्येनंच काठी हापटून तिला म्हनल्यालं, "आई, जेव." मायंपोटीच की! आता काठावर त्यो इचारतोय, "आई, ही काठी मी ठेवली तर माझं चुकेल का गं?" आन् पुस्तकात लिवलंय…

"आई हसली आणि म्हणाली, तू म्हणशील तसं, बाळा. त्याने पुन्हा विचारले. ती पुन्हा तेच म्हणाली. त्याने तिचे खांदे धरून हलवले, तरी तेच."

माजा घसा बसला. खरंच बसला! दारात मानसं जमल्याली, कोंडीबा, नानासो, सगळी, आन् कुनी रस आनाय गेलं न्हाई. सगळी खाली बगत हुती. मी डोळं पुसलं, कसंबसं शेवटचं पान वाचलं. टाकली काठी त्येनं.

 मग म्हातारी भितीकडं बगतच म्हनली, "त्येची आई मग न्हाई म्हनली का रं?"

म्हनलं, "त्ये लिवल्यालं न्हाई, मावशी."

"आरं मग लिवनारा अर्धवट हाय," म्हनली, आन् उठून बसली! सुनेला म्हनली, "जुंधळ्याच्या कन्या हायत का गं उरल्याल्या? वाईच खाते."

आन् मग दारातनं सुरू झालं, "दोंन म्हैनं आंमाला फिरवलंत व्हय?", "माजा रस परत द्या!", "हवालदार माजला!" आवं, पर अकरा पानं वाचली बी मीच ना? त्येचं कुनी नाव काडत न्हाई! बाड जप्त, खुर्ची जप्त. आन् आता त्या खुर्चीवर कोन बसतंय इचारा की! अंबूबाई! बाड उलटं धरती, सगळं तोंडपाठ, आन् शेवट तिला पटला न्हाई म्हनून बदललाय. आता केतुमाल काठी डोहात टाकायला जातोय तर डोहातनं एक लय शानी, बोळक्या तोंडाची म्हातारी वर येती आन् म्हनती, "आन हिकडं, मी बगते!" चार म्हैनं झालं, ती म्हातारी राज्य करतीया, राजे भांडी घासत्यात, आन् मानसं रस्त्यापतुर बसत्यात.

मी तिला म्हनलं, मावशी, ह्ये पुस्तकात न्हाई. तर म्हनली, "पुस्तकाला काय कळतंय?"

 यष्टी आली वाटतं… सरका, सरका, मला फुडं बसू द्या, लवकर उतराया बरं. काल तिनं वाघाला दरबारात बोलवून गोष्ट थांबवलीया, आन् उशिरा गेलं की म्हातारी पायरीवर बी बसू देत न्हाई… आन् खरं सांगू? मेली माज्यापरास ब्येस सांगती!