जुन्या दगडाला भोक

डोंगरातल्या त्या आठशे वर्षांच्या गावात शिरायला आता तिकीट लागतं. रांगेत माझ्यापुढे म्हातारे बहीण-भाऊ होते.

"दादा, आपल्याच गावात जायला तिकीट?"

"आपलं होतं तेव्हा होतं. आता तो वारसा झालाय. गप उभी राहा."

"आपलं घर दाखवतात म्हणे."

"दाखवतात की. चुलीपाशी पगारी बाई बसवलीय. फुंकणी घेऊन फुंकायचं सोंग करते."

"जाळ नाही?"

"छे! धुरानं भिंती खराब होतात. आपण जन्मभर खराबच करत होतो."

"आणि आई पडून गेली त्या पायऱ्या?"

"त्याच आहेत. पावसात साबणासारख्या."

"किती विनवलंस रे तू त्या पुरातत्त्व खात्याच्या साहेबांना! एवढा एक कठडा लावू द्या, म्हातारीला धरायला."

"म्हणाले, दगडाला भोक पाडता येणार नाही. असा दगड पुन्हा मिळायचा नाही."

"आणि आई मिळते?"

"म्हाताऱ्या काय, पैशाला पासरी."

खिडकीतल्या माणसानं दोन तिकिटं पुढे सरकवली.

"आजोबा, चढताना कठडा धरा हं. पायऱ्या फार जुन्या आहेत. पाहुणे पडायला लागले, म्हणून यंदा मुद्दाम बसवलाय."

"दगडाला भोकं पाडून?"

"मग काय हवेत उभा राहील?"

बहिणीनं कठडा धरला. भाऊ भिंतीला हात टेकत चढू लागला.

"दादा, धर रे. तिकीट काढलंय आपण."

"हो ना. आईचंच चुकलं. तिनं तिकीट काढलं नव्हतं."