कवळी आणि नवऱ्याचं नाव

माझी खोडी माझ्याच अंगलट कशी आली ते ऐका. येरमाळ्यात आमचं कवळ्या बनवायचं दुकान हाय. कवळी बसवली की बोलून बघावं लागतं, म्हणून मी म्हाताऱ्या बायांना मुद्दाम नवऱ्याचं नाव घ्यायला लावतो. लई लाजतात!

परवा एका आजीला म्हनलं, "घ्या नाव, मोठ्यानं."

"दशरथ!"

"आँ? लाज न्हाय वाटली?"

"कुणाला लाजू? ते जाऊन आठ वर्सं झाली. घरात मी एकटीच."



दुसऱ्या दिवशी आजी परत हजर. "पोरा, कवळी टोचतिया."

बघितलं, तर कुठंच काय न्हाय. तरी उगं जरा घासून बसवली.

"बोलून बघा, आजी."

"दशरथ," आजी म्हनली. "आनखी एकदा बघू का रं?"