तोट्यातली शाळा

वायर सैल होती? बस, एवढंच? अहो, मग सैलच राहू द्या की. म्हणजे कसं — तुम्ही आलात, उघडून पाहिलंत, आतलं काहीतरी जळालंय, आता हे दुरुस्त होणं नाही, असं माझ्या सुनेला सांगून मोकळे व्हा. तुमची मजुरी मी पूर्ण देतो. हसू नका. मास्तर आहे मी, निवृत्त झालो म्हणून काय झालं, मी थट्टा करत नसतो. बसा, पाणी घ्या, शाळा सुटायला वेळ आहे अजून.

नात माझी, ठमी म्हणतो आम्ही तिला, सहावीत आहे. गणितात — ढ म्हणवत नाही, पण होती ढ. रोज संध्याकाळी या टेबलाशी मी आणि ती, आणि समोर शेकडेवारी. जन्मभर शेकडेवारी शिकवली मी, दगडांना शिकवली, पण ही पोरगी नुसती माझ्या तोंडाकडे बघायची आणि पेन्सिल चावायची. मग मी ओरडायचो. ओरडायचो म्हणजे — आवाजच मोठा आहे माझा. शेवटी सुनेनं हे यंत्र, हा कॉम्प्युटर आणला. त्यात एक गाव वसवायचा खेळ — रस्ते टाका, पाणी आणा, लोकांवर कर बसवा. आणि काय सांगू तुम्हाला, एक दिवस जेवताना कार्टी मलाच विचारते, आजोबा, कर आठ टक्क्यांवरून दहा टक्के केला, तर कर कितीनं वाढला, शेकडा? मी म्हटलं, दोन. मास्तर मी, आणि म्हटलं दोन. घास होता तोंडात, म्हणून. ती म्हणते, नाही, पंचवीस, म्हणून तर माझी माणसं गाव सोडून गेली.

सगळे हसले. मीही हसलो. पण झोंबलं हो आत. त्या दिवसापासून या टेबलाशी येणं बंद, शाळेतून आली की थेट यंत्रापुढं. आणि पेपरात पैकीच्या पैकी. तिच्या बाई सुनेला म्हणाल्या, खेळातून शिकली हो. खेळातून. म्हणजे मी काय इतकी वर्षं खुर्ची झिजवत होतो? पोरीचं भलं झालं, कोण नाही म्हणतंय — पण संध्याकाळी मी करायचं काय? भिंतीला शिकवू? सून म्हणते, बाबा, फिरायला जात जा. मी काय कुत्रा आहे फिरायला जायला?

काल दुपारी घरात कोणी नव्हतं. म्हटलं बघू तरी, काय एवढं सोनं लागलंय या खेळाला. चूक काढायची होती मला, खरं तेच सांगतो. उघडलं तिचं गाव. आणि सापडली, लगेच सापडली. गावाच्या खर्चात एक शाळा. शंभरातले अठरा एकटी खाते, आणि पोरं किती, तर मूठभर. बांधलीय कुठं, तर पार टोकाला, टेकडीवर — कोण मरायला जाणार तिथं? खुद्द खेळ लाल अक्षरांत विचारतोय, शाळा तोट्यात आहे, बंद करू का? सरळ हिशेब आहे हो, माझ्या वर्गातल्या कुठल्याही पोरानं हेच उत्तर दिलं असतं. दाबलं मी ‘हो’. तर मोठी पाटी आली समोर — ‘आजोबांची शाळा’ कायमची बंद झाली आहे.

तिनं नाव दिलं होतं तसं. टेकडीवर का, तर तिथून सगळा रस्ता दिसतो, आणि मी दिवसभर या खिडकीत बसून रस्ता बघत असतो ना, म्हणून असेल. मला काय माहीत. आणि तिला शेकडेवारी येत नाही असंही नाही आता. तोटा तिलाही कळत होता. तो खेळ तिला रोज विचारत असणार, आणि ती रोज ‘नाही’ दाबत असणार. मी पहिल्या फटक्यात ‘हो’ म्हणालो.

म्हणून ओढली वायर. मीच ओढली, असं काय बघता? तुम्हाला मागे नेता येईल का हे, कालच्या सकाळवर? नाही? आपोआप साठवतं म्हणता सगळं? बरं, नव्यानं तरी बांधता येते ना शाळा? येते, मग सांगा ना कशी. तुम्हालाही ठाऊक नाही. दुरुस्ती येते, खेळता येत नाही, वा, आपण दोघं सारखेच. म्हणजे तिलाच विचारावं लागणार, शेजारी बसून, ठमे, शाळा कशी बांधतात ते शिकव म्हणून. आणि मला एका झटक्यात थोडंच कळणार आहे? ओरडेल ती. माझाच आवाज उचललाय तिनं.

नाही, नाही, बंद नका करू. राहू दे चालू. ती दुसरी खुर्ची तेवढी इकडे यंत्रापुढं सरकवा माझ्याजवळ — आणि निघा आता तुम्ही, फाटक वाजलं.