वाढत्या अंगाचं झबलं

विनिफ्रेड : दुखवट्याच्या घरी कोणी नाताळचे गोड फुगे तळतं का, आई?

बिट्रिस : नाय तळत. मला शिकवू नको. पण उद्या तुझा दीर लिओनार्ड बोटीवरनं उतरेल. घरात शिरल्या शिरल्या पोराला रिकामी परात दाखवू? आणि लोक काय म्हणतात ते ऐकलंस ना...

विनिफ्रेड : ऐकलं. बाप्तिस्मा न झालेल्या पोराचा दुखवटा नसतो.

बिट्रिस : मी नाय गं म्हणाले तसं. लोक म्हणतात.

विनिफ्रेड : मग तळा तुम्ही. मला नाही जमणार.

बिट्रिस : बरं, नको तळूस. उठून तोंड तरी धू. शेजारच्या हौसाबाईनं आपल्या चांदणीच्या कंदिलासाठी बांबू आणून टाकलाय. हिंदूची बाई, पण तिला आपल्या नाताळची आठवण हाय. आणि तू अंधारात बसलीस.

विनिफ्रेड : यंदा घरावर चांदणी नको.

बिट्रिस : नको तर नको. पण देवळात तर जायचंय ना? फादरनी सांगून पाठवलंय. गोठा बांधून झाला, गवत पसरलं. गाय, गाढव, मेंढ्या, सगळे बसले जागेवर. बाळयेसूची मूर्ती तेवढी कपाटात उघडी पडलीय. झबलं शिवून झालंय ना गं?

विनिफ्रेड : झालं होतं. कधीच.

बिट्रिस : मग दे की माझ्याकडे. इस्तरी फिरवते. लिओनार्डनं मागल्या खेपेला आणलेलं ते साटीन, काय चकाकतं! इथं रेशनवर साधं मांजरपाट मिळायची मारामार आणि आपल्या गोठ्यातल्या बाळाला साटीन. अख्ख्या कोपरी गावात बोलतील लोक.

विनिफ्रेड : आई, यंदा मूर्ती दुसऱ्या कोणाच्या तरी हातात द्यायला सांगा.

बिट्रिस : असं कसं चालेल? जिनं झबलं शिवलं तिनंच बाळाला दारापासून गोठ्यापर्यंत न्यायचं. माझ्या सासूनं नेलं, मी नेलं, माझे हात कापायला लागले तेव्हा तुला दिलं. रीत हाय ती आपली.

विनिफ्रेड : रीत! आठ दिवसांच्या आत बाप्तिस्मा करायचा ही पण रीतच होती ना? ती का नाही पाळली?

बिट्रिस : मला काय विचारतेस गं आता?

विनिफ्रेड : मी म्हणत होते, उद्याच नेऊ त्याला. तुम्ही म्हणालात, थांब. लिओनार्ड नाताळला येतोय, धर्मबाप तोच, पाद्रिन. काकाच्याच मांडीवर नाव ठेवायचं. नाताळचा बाप्तिस्मा, केवढा मान! बसलो आपण मान धरून.

बिट्रिस : बोल. बोलून घे. माझ्या तोंडात तरी दुसरं काय हाय? रोज हेच बोलते मी मला.

विनिफ्रेड : तुम्हाला बोलून काय मिळणार मला? मी आई ना त्याची? मी उचलून का नाही नेलं? सकाळी जाग आली तर माझ्या कुशीत गार पडलेला. मी तांब्या घेतला, डोक्यावर पाणी घातलं, पित्याच्या, पुत्राच्या, सगळं म्हटलं. फादरना विचारलं, हे चालेल का? त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाले, बाळे, पाणी जित्या माणसाला लागतं. त्यांच्याही डोळ्यात पाणी होतं. पण त्यांच्या रडण्याचं मी काय करू?

बिट्रिस : त्यांच्या हातात असतं तर त्यांनी सिमेटरीच्या कुंपणाच्या बाहेर पुरायला लावलं असतं का?

विनिफ्रेड : चिंचेखाली. जिथे गुरं बांधतात तिथे. आई, त्याला नावसुद्धा दिलं नाही आपण. बाबू, बाबू करत राहिलो. आता देवाला त्याला बोलवायचं असलं तरी हाक काय मारेल तो? जगात बाबू किती!

बिट्रिस : नको गं असं बोलू. आज तरी नको.

विनिफ्रेड : आजच बोलते. तुम्ही झबलं मागितलंत ना? झबलं नाही घरात.

बिट्रिस : नाय म्हणजे? आत्ता तर म्हणालीस झालंय.

विनिफ्रेड : झालं होतं. बाबूच्या अंगात घातलं ते.

बिट्रिस : कुठलं? साटीनचं?

विनिफ्रेड : हो.

बिट्रिस : बाळयेसूचं? देवाचं कापड तू मातीत घातलंस, पोरी?

विनिफ्रेड : घातलं. दुसरं काय करणार होते? बाप्तिस्म्याचं झबलं ट्रंकेत होतं, माझ्या लग्नात डोक्यावरनं घेतलेल्या जाळीच्या वेलचं शिवलेलं. पण ते घालायचा त्याला हक्क कुठे होता? आणि मला वाटलं... हसू नका.

बिट्रिस : हसते कशाला मी?

विनिफ्रेड : मला वाटलं, वरती दारात कोणी अडवलं, नाव विचारलं, तर हे काय सांगणार? निदान अंगावरचं झबलं तरी ओळखतील. म्हणतील, हे तर आपल्या पोराचं झबलं. सोडा याला आत.

बिट्रिस : आई मारिये!

विनिफ्रेड : आणि ते त्याला झालंही नाही. मूर्तीच्या मापाचं ते. पुढून कसंबसं ओढून घेतलं, पाठीमागे बटणं लागेनात. तशीच पाठ उघडी टाकून दिलं त्याला. रोज पहाटे खाडीवरनं वारं सुटतं आणि मला त्याची पाठ आठवते. चोरी केली ती केली, पोराला ऊबही मिळाली नाही.

(विनिफ्रेडचा नवरा अँब्रोज उंबऱ्यात येऊन उभा राहतो. पाय धुतलेले, हातात टोपी.)

अँब्रोज : माणूस आलाय देवळातून. झबलं मागतोय.

बिट्रिस : थांबव त्याला जरा. अरे, झबलं नाय! हिनं ते...

अँब्रोज : ठाऊक आहे मला.

विनिफ्रेड : तुम्हाला? कसं?

अँब्रोज : पेटीचं झाकण मीच लावलं ना? पाहिलं मी. माझा रुमाल होता खिशात. पाठीखाली सारला.

विनिफ्रेड : मला का नाही सांगितलंत?

अँब्रोज : सांगायला तोंड कुठे होतं? ते झबलं पाहून मला बरं वाटलं, विनी. बरं वाटलं म्हणून लाज वाटली. तेव्हापासून पापं सांगायला, कुमसाराला गेलो नाही मी. फादरपुढे गुडघे टेकून काय सांगू? की मला याचा पश्चात्ताप नाही?

बिट्रिस : म्हणजे घरातली दोघंही देवाला पाठ करून बसलीत! मी म्हातारी एकटीच जाते आणि मला वाटतं, आजारी असतील. आता सांगायचं काय त्या माणसाला? उंदरांनी कुरतडलं म्हणून सांगू?

विनिफ्रेड : नको आई. एवढं केलं ते पुरे. वर खोटं नको.

बिट्रिस : मग उघडाच राहू दे त्याला. पहिल्या नाताळला कोणी साटीन नेलं होतं? फडक्यातच गुंडाळलेला. त्याला चालतं ते.

विनिफ्रेड : उघडा? या थंडीत?

अँब्रोज : मूर्ती आहे ती, विनी.

विनिफ्रेड : मला ठाऊक आहे मूर्ती आहे. पण मी हातात घेऊन जायचं ना त्याला? एकाची पाठ उघडी टाकली मी. दुसऱ्याला तसाच छातीशी धरू? नाही होणार माझ्याच्याने. अहो, ती ट्रंक ओढा जरा पुढे.

बिट्रिस : विनी, ते बाप्तिस्म्याचं हाय.

विनिफ्रेड : उद्या सकाळी घालायचं होतं ते. काकाच्या मांडीवर. आता कोणाला घालू? घडी करून ठेवू नि रोज हुंगू?

अँब्रोज : फादरना काय सांगायचं?

विनिफ्रेड : खरं ते. साटीनचं कुठे गेलं तेही. कुंपणाबाहेर काढायचं तर काढतील मला. बाबूच्या जवळ तरी जाईन.

बिट्रिस : कोणी काढत नाय. पण देवाशी अशी अदलाबदल करायची? हे घे, ते दे? भीड वाटत नाय तुला?

विनिफ्रेड : वाटते ना. म्हणून तर इतके दिवस गेले नाही. आई, मी काही मागणार नाही. गोठ्यापाशी गुडघे टेकीन आणि एवढंच म्हणेन, बाबा रे, तुझं त्याच्या अंगावर आहे, त्याचं तुझ्या अंगावर. तुला दिसला कुठे तर तू ओळख. दुसऱ्या कोणाचा भरवसा नाही मला. नियमाचा नाही, माझा तर नाहीच. तू तेवढा गोठ्यात झोपलास, गुरांच्या जवळ. तुला चिंचेखालची जागा कळेल.

अँब्रोज : आणि कळली नाही तर?

विनिफ्रेड : तर मग कोणालाच कळणार नाही. काय करायचं?

बिट्रिस : कोमुन्यावची भाकर घेशील ना आज?

विनिफ्रेड : नाही. तेवढी लायकी नाही माझी.

बिट्रिस : लायकी कोणाची असते गं? छाती बडवून तीन-तीनदा म्हणतो ना, तू माझ्या घरात यावंस अशी माझी लायकी नाय? म्हणतो आणि तरी पुढे सरकतो. ते म्हटल्याशिवाय तो येतच नाय.

विनिफ्रेड : आज गोठ्यापर्यंतच जाते, आई. त्याच्यापुढचं नंतर.

बिट्रिस : बरं. गोठ्यापर्यंत. मी येते तुझ्याबरोबर. माझे हात कापतात, पण कोपराला आधार देईन. मला बोलायचा तुला हक्क हाय, पण आधार घे.

विनिफ्रेड : घेईन.

अँब्रोज : हे बघ, सापडलं. डांबराच्या गोळ्यांचा वास येतोय.

बिट्रिस : आण इकडे. अगो बाई, केवढं हे! मूर्ती एवढीशी आणि झबल्यात दोन माणसं मावतील. मीच म्हणाले होते तुला, सैल शिव, वर्षाचा होईस्तोवर घालता येईल. खांद्यावरनं घसरेल गं हे त्याच्या.

अँब्रोज : पाठीमागे टाचणी लावू.

विनिफ्रेड : टाचणी नको. टोचेल.

बिट्रिस : मग राहणार कसं अंगावर?

विनिफ्रेड : मी धरीन ना. राहू द्या सैल. वाढत्या अंगाचं शिवलंय ते.